सासूबाईंचं कार्ड, आईचे डॉलर

ऐन वेळी टांग द्यायची माझ्या नवऱ्याला जुनी सवय आहे. आमच्या साखरपुड्यालाही तो उशिरा आला होता. त्यामुळे व्हिएतनामची तिकिटं काढून झाल्यावर, हॉटेलचे पैसे भरून झाल्यावर, एका संध्याकाळी जेवताना तो आमटीच्या वाटीकडे बघत म्हणाला, "ऑफिसात ऑडिट लागलंय. मला नाही जमणार. तुम्ही दोघी जाऊन या ना," तेव्हा मला फार धक्का बसला नाही.

दोघी म्हणजे मी आणि सासूबाई. सहल मुळात त्यांच्यासाठीच होती. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती आणि पासपोर्टवर एक तरी शिक्का पडावा एवढी एकच इच्छा त्यांनी कधी बोलून दाखवली होती. आमचं दोघींचं चांगलं पटतं. पण ते मुलुंडच्या घरात, मधे एक पक्की भिंत धरून. परदेशात एका खोलीत पाच दिवस फक्त आम्ही दोघी, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या आईला नेऊ या का?"

"विहीणबाईंना?" सासूबाईंनी घास तसाच हातात धरला. "न्या की. म्हणजे, नेऊ या. आनंदच आहे."

आनंद आहे असं त्यांचा चेहरा म्हणत नव्हता, पण त्या एकदा बोलल्या की शब्द फिरवत नाहीत.

आई घाटकोपरला भटवाडीत माझ्या भावाकडे राहते. मालवणकडची. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हा आईने पोळी-भाजीचे डबे देऊन घर चालवलं, आणि ते सगळं रोखीत चालवलं. पैसे रव्याच्या डब्यात, पैसे देवाच्या चौरंगाखाली, पैसे परकराच्या आतल्या खिशात. बँकेत ती फक्त सही करायला जाते, आणि तीही कपाळाला आठ्या घालून. तिचा पासपोर्ट भाऊ दुबईला होता तेव्हा काढलेला होता आणि कोरा करकरीत पडून होता.

सासूबाईंचं अगदी उलटं. अख्खी नोकरी त्यांनी कॅशच्या खिडकीमागे काढली आणि तेव्हापासून त्यांना नोटांची किळस बसली. "नोट कुठून कुठे फिरून येते ते मला विचारा," असं म्हणून त्या भाजीवाल्याकडेही मोबाइल पुढे करतात. सुट्टे पैसे घरात आले तर ते आधी खिडकीत ठेवून वारा देतात.

तर अशा या दोघी पैशांचं ठरवायला आमच्या हॉलमध्ये समोरासमोर बसल्या. मधे पोहे.

"सगळं कार्डावर भरून घ्यावं," सासूबाई म्हणाल्या. "परदेशी चलनाचं कार्ड मिळतं. हरवलं तर बंद करता येतं."

"आणि मशीनने खाल्लं तर?" आई म्हणाली.

"मशीन कशाला खाईल, विहीणबाई?"

"आमच्या बिल्डिंगमधल्या एकीचं खाल्लं. रोकड कोण खात नाय." आईने पोह्यांतला शेंगदाणा शोधून काढला. "डॉलर घेऊ या. माझ्याकडे द्या. माझ्या खिशाला चेन हा, चेनीला पिन हा, पिनेवर निऱ्या हत."

दोघींचं बोलणं अत्यंत गोड आवाजात चालतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी एकीने दुसरीला कधी एक शब्द वाकडा बोललेला नाही, आणि त्यामुळे त्यांच्यामध्ये बसलेल्या माणसाची पाठ दुखायला लागते. शेवटी निम्मे पैसे कार्डावर भरले आणि ते सासूबाईंकडे दिले, निम्म्याचे डॉलर घेतले ते आईकडे दिले. शंभराच्या तीन कोऱ्या नोटा होत्या. मी कुठेच नव्हते. माझ्याकडे पासपोर्ट होते आणि औषधं होती.

दसरा झाल्यावर निघालो. मुंबईच्या विमानतळावरच आई मशीनमध्ये वाजली. तपासणाऱ्या मुलीने तिला पडद्यामागे नेलं आणि बराच वेळ दोघी बाहेर येईनात. आल्या तेव्हा त्या मुलीच्या हातात अकरा सेफ्टी पिना होत्या आणि ती हसू दाबत होती. "इतक्या पिना कशाला गं?" मी विचारलं. आई म्हणाली, "पैसे मोकळे सोडू काय?"

हनोईला सकाळी उतरलो. हॉटेलची गाडी बाहेर उभी राहणार होती, म्हणून मी घाई करत होते, पण सासूबाईंना समोर एटीएम दिसलं. त्यांनी पर्समधून कार्ड काढलं, पदराने पुसलं आणि आईकडे बघून म्हणाल्या, "बघा हं विहीणबाई, किती सोपं असतं."

मुलुंडला त्यांनी कार्डाची तालीम केली होती. कोपऱ्यावरच्या एटीएमपुढे उभं राहून, कार्ड न घालता, नुसती बोटं हवेत फिरवून. पिनचे चार आकडे त्यांनी कुणालाही सांगितले नव्हते, मलाही नाही. आता त्यांनी एका हाताने बटणं झाकली, त्यावर पर्स धरली, त्यावर आपलं डोकं आणलं. मग त्याच अवस्थेतून आवाज आला, "हे सहा आकडे मागतंय."

"चारच टाका आणि हिरवं बटण दाबा," मी म्हटलं.

"सहा मागतंय तर चार कसे देऊ? फॉर्ममध्ये सहा चौकोन असले तर सहा भरायचे असतात."

"अहो आई, तसं नसतं ते..."

पण त्यांनी पुढे दोन शून्यं लावली होती. मशीन नाही म्हणालं. मग त्यांनी शून्यं आधी लावून बघितली. मशीन पुन्हा नाही म्हणालं. मी हात पुढे केला तर त्यांनी पर्स आणखी घट्ट धरली, "पिन बघू नकोस गं, नियम आहे," असं म्हणाल्या आणि एक शून्य पुढे, एक मागे असा मधला मार्ग काढला. मशीनने कार्ड बाहेर दिलं, पण स्क्रीनवर इंग्रजीत आलं की हे कार्ड आता बंद करण्यात आलं आहे.

सासूबाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. आयुष्यभर लोकांचे चेक 'सही जुळत नाही' म्हणून परत केलेली बाई, आता एका मशीनने तिची सही जुळत नाही म्हटलं होतं. मला खरंच वाईट वाटलं.

आईने हलकेच त्यांच्या कोपराला धरलं. "खाल्लं नाय ना? झालं तर मग. चला."

ते ती इतक्या प्रेमाने म्हणाली की सासूबाईंना जास्तच लागलं.

हॉटेल छोटं होतं, फक्त सकाळचा नाश्ता देणारं. खोलीत गेल्यावर मी आईला म्हटलं, "डॉलर काढ बाई, बदलून आणते." आई बाथरूममध्ये गेली, चेनीचा आवाज आला, आणि तिने त्या तीन नोटा माझ्या हातात ठेवल्या.

प्रत्येक नोटेवर जो पुढून टकला, मागे लांब केसांचा गृहस्थ असतो, त्याच्या कपाळावर ठसठशीत कुंकवाचा टिळा होता. टिळ्याखाली हळदीचं बोट होतं. एकाच्या डोक्यावर एक अक्षताही चिकटली होती.

"हे काय आहे?"

"काय म्हणजे? परदेशातली लक्ष्मी घरात आली. देवापुढे ठेवली. तुझ्या पगाराच्या पहिल्या नोटांना नाय लावलं होतं?"

"अगं पण त्याच्या कपाळाला?"

"मगे खंय लावू? तो बिचारा उघड्या कपाळाने बसलेला."

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, एक नोट दोन बोटांच्या चिमटीत धरून उजेडात नेली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, डॉलरला साधी घडीसुद्धा चालत नाही हो. डाग तर नाहीच."

हे त्या आनंदाने म्हणाल्या असं मी म्हणणार नाही. पण विमानतळापासून पहिल्यांदाच त्यांची पाठ सरळ झाली होती.

त्यांचं खरं निघालं. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने नोट बघितली आणि डोकं हलवलं. तिने सांगितल्याप्रमाणे मी जुन्या बाजारातल्या सोनाराच्या दुकानात गेले. तिथे सोनारांकडेच डॉलर बदलून मिळतात. दुकानात काचेमागे साठीची एक बाई बसली होती. तिने पहिली नोट घेतली, टिळ्यावर नख घासलं, दुसरी घेतली, तिसरी घेतली, आणि तिन्ही माझ्याकडे सरकवल्या. "नो. नॉट क्लीन." बाजूच्या दुकानातही तेच. तिसऱ्या दुकानातल्या माणसाने आत हाक मारून अजून दोघांना बोलावलं, नोट दाखवली आणि सगळे हसले.

परत येताना रस्त्यावर एका फळवालीच्या टोपलीला क्यूआर कोड लटकवलेला दिसला. माझा जीव भांड्यात पडला. लोकांच्या वायफायवर उभं राहून मी मोबाइल काढला आणि आपलं नेहमीचं स्कॅन केलं. मोबाइल म्हणाला, हा कोड चालत नाही. मुलुंडला नारळवाल्यापासून न्हाव्यापर्यंत जिथे तिथे चालणारी ती जादू इथे पोचलीच नव्हती. फळवालीने केळी परत टोपलीत ठेवली.

दुपारी आम्ही आईच्या पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पलंगावर वर्तमानपत्र पसरून, हनोईत. खाली रस्त्यावरून भाजलेल्या, तळलेल्या, उकडलेल्या सगळ्या गोष्टींचा वास येत होता. सासूबाईंनी अख्खा महिनाभर वाचून ठेवलं होतं की तिथे शाकाहारी जेवण कुठे कुठे मिळतं. त्या दशमीचा तुकडा मोडत खिडकीतून खाली बघत होत्या.

मी हात धुवायला गेले तर बेसिनमध्ये डॉलर.

"आई!"

दोघी आल्या. ही माझी नेहमीची पंचाईत. मी सासूबाईंनाही आईच म्हणते, एकीला अगं, दुसरीला अहो, पण ओरडताना अगं-अहो विसरायला होतं.

"थोडा साबण लावला," आई म्हणाली. "कपडे धुवायचा नाय, अंगाचा. चांगला वासाचा."

हळदीला साबण लागल्यावर काय होतं ते प्रत्येक घरातल्या बाईला माहीत असतं. आईलाही माहीत होतं, पण हळद कपड्यावरची आणि हळद डॉलरवरची वेगळी असेल अशी तिची समजूत होती. पिवळं बोट लालभडक झालं होतं. तो गृहस्थ आता कुठेतरी आपटून आल्यासारखा दिसत होता.

आम्ही तिघी बेसिनभोवती उभ्या राहिलो. मला रडू येईल असं वाटलं, आणि तेवढ्यात सासूबाईंच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला. आधी मला कळलंच नाही तो कसला. त्या हसत होत्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. आईने त्यांच्याकडे बघितलं, नोटेकडे बघितलं, आणि तीही सुटली. "डोकं फुटला गो त्याचा!" असं म्हणत ती टॉवेलच्या दांडीला धरून हसायला लागली. मी एकटी बाथरूमच्या दारात गंभीर उभी होते.

सासूबाईंचं कार्ड त्यांनी स्वतः बँकेत जाऊन सही केल्याशिवाय उघडणार नव्हतं, म्हणून मग मी माझं क्रेडिट कार्ड काढलं. माझ्याकडे होतं, पण परदेशातला वापर मी चालू केलेला नव्हता, कारण पैशाचं सगळं दोघींकडे आहे असं ठरलं होतं. ते चालू करायला मोबाइलवर ओटीपी यायला हवा, आणि ओटीपी यायला माझ्या नंबरला रोमिंग हवं. ते नवऱ्याने घेऊ दिलं नव्हतं. "हॉटेलात वायफाय आहे ना," म्हणाला होता. मी त्याला वायफायवरून फोन लावला.

"माझ्या नंबरवर रोमिंगचं पॅक टाक. आत्ता."

"का गं? काय झालं?"

"टाक."

दहा मिनिटांनी त्याचा फोन. "टाकलं. आला असेल ना मेसेज?"

"काही नाही आलं."

"अरे असं कसं? इथे तर आलाय. 'तुमचं रोमिंग सुरू झालं आहे, प्रवास सुखाचा होवो.'"

"इथे म्हणजे कुठे?"

"आईच्या फोनवर."

परदेशात हरवेल म्हणून सासूबाईंनी आपला फोन मुलुंडलाच ठेवला होता, कपाटात, मोज्यात घालून. नवऱ्याने तो काढून चार्जिंगला लावला होता आणि माझ्या नंबरऐवजी त्याच नंबरवर जगभर बोलायची सोय करून टाकली होती. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. सासूबाई बाजूलाच बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं, आणि म्हणाल्या, "बरोबर बोललीस."

माझ्या नंबरचं दुसरं पॅक त्याने लगेच टाकलं, पण ते 'प्रक्रियेत आहे' असं येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आम्ही तिघींनी असं काही खाल्लं की वाढणारा माणूस दुसऱ्यांदा पाव आणायला आत गेला. मग आईने नोटा घेतल्या आणि विचारलं, "गच्ची खंय हा?"

हळदीचा डाग उन्हात उडतो. लग्नाच्या साड्यांचे डाग ती असेच काढते. हॉटेलच्या गच्चीवर धुतलेल्या चादरी वाळत होत्या. त्यांच्या दोरीवर आईने तिन्ही डॉलर लावले, केसांच्या चापांनी, आणि खाली दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून दोघी विहिणी राखण करायला बसल्या. मी शहर बघायला जाऊ शकत होते, चालत जायला पैसे लागत नाहीत. पण मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले, कारण त्या दोघी एकट्या काय बोलतात ते मी आजवर ऐकलं नव्हतं.

त्या पैशांबद्दल बोलत होत्या.

"नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी एका गिऱ्हाइकाला जास्त पैसे दिले होते," सासूबाई म्हणाल्या. "संध्याकाळी हिशेब लागेना. पगारातून कापले. घरी सांगितलंच नाही. ह्यांना वाटायचं मी साड्या घेतल्या."

"आणि साड्या?"

"एकसुद्धा नाही. वर्षभर बहिणीच्या नेसले आणि नव्या म्हणून दाखवल्या."

आई हसली. "माझे यजमान गिरणीतून पगार आणून माझ्या हातावर ठेवत. मग दुसऱ्या दिवसापासून रोज एक रुपया मागत, विडीला. मी रोज विचारी, कशाला? ते रोज सांगत, विडीला. दोघांनाही ठाऊक, पण विचारल्याशिवाय देणं बरं दिसत नाय ना."

"बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. "कॅशियरने विचारलंच पाहिजे."

तेवढ्यात वारा सुटला आणि एक डॉलर चापातून निसटला. सासूबाईंना गुडघ्याचं दुखणं आहे, मुलुंडला त्या रिक्षातून उतरताना दोन हात मागतात. त्या बाईने खुर्चीवरून उठून चादरीखालून वाकून तो डॉलर कठड्याच्या आत पायाखाली पकडला. आईने टाळ्या वाजवल्या. "झकास, विहीणबाई!" हा शब्द ती माझ्या भाच्यांकडून शिकलेली आहे.

दुपारपर्यंत हळद बरीचशी उडाली. कुंकू मात्र राहिलं, फिकट गुलाबी, छोटं. आई म्हणाली, "आता मी येतंय दुकानात." सासूबाई म्हणाल्या, "मीसुद्धा."

आम्ही त्याच पहिल्या बाईकडे गेलो. तिने मला ओळखलं आणि मी पर्स उघडायच्या आधीच हात हलवला. मी वळलेसुद्धा. पण आई वळली नाही. तिला दुकानाच्या कोपऱ्यात जमिनीवर काहीतरी दिसलं होतं. लाल-सोनेरी रंगाचं छोटंसं देवघर होतं ते. आत दाढीवाले, हसऱ्या तोंडाचे दोन देव, पुढे संत्री, फुलं, जळती उदबत्ती. आईने चपला काढल्या, दुकानाच्या आत, आणि सरळ जाऊन देवाला हात जोडले. मग तिने कमरेची छोटी डबी काढली. कुंकवाची. ती उघडून तिने त्या बाईला दाखवली. डबीकडे बोट, नोटेवरच्या टिळ्याकडे बोट, देवघराकडे बोट. मग स्वतःच्या कपाळाकडे. आणि शुद्ध मालवणीत म्हणाली, "माझ्या देवाकडसून आणलंय गो बाय. घाण नाय ती."

दुकानातली बाई काचेमागून उठून बाहेर आली. तिने टिळा बघितला, आईचं कपाळ बघितलं, आपल्या देवांकडे बघितलं. आणि कळल्याबरोबर ती अशी मोठ्याने हसली की बाहेरचा स्कूटरवाला आत डोकावला. तिने आईचा हात धरून काहीतरी लांबलचक सांगितलं. त्यातला एकही शब्द आम्हाला समजला नाही, पण आई मधे मधे "होय तर, होय तर" म्हणत होती आणि बाईला ते पुरत होतं.

मग तिने कॅलक्युलेटर घेतला, एक आकडा मारला आणि आमच्यापुढे धरला. मी मान डोलावणार इतक्यात सासूबाईंनी माझा हात बाजूला केला. "कापतेय ती." त्यांनी कॅलक्युलेटर ओढून घेतला, भिंतीवरच्या पाटीवरचा भाव बघितला आणि आपला आकडा मारला. बाईने डोकं हलवून टिळ्याकडे बोट दाखवलं आणि तिसरा आकडा मारला. सासूबाईंनी चौथा. दोघी एका अक्षराने न बोलता कॅलक्युलेटरवर भांडत होत्या आणि दोघींच्या चेहऱ्यावर विलक्षण समाधान होतं. शेवटी बाईने आईकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि मान्य केलं. तीनपैकी एक नोट तिने गल्ल्यात टाकली नाही. ती देवापुढे, संत्र्याला टेकवून ठेवली. तो गृहस्थ तिथे, टिळा लावून, चांगला शोभत होता.

आणि मग तिने आमच्यापुढे व्हिएतनामच्या नोटांचा ढीग लावला.

"किती झाले?" आईने विचारलं.

"चौऱ्याहत्तर लाख," सासूबाई म्हणाल्या.

आई खाली बसली. खरोखरच बसली, दुकानातल्या स्टुलावर. तिथल्या पैशात आपल्या एका रुपयाचे तीनेकशे होतात हे मी तिला विमानात सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि लाख समोर दिसणं वेगळं. "चौऱ्याहत्तर लाखात भटवाडीत खोली येईल," ती म्हणाली. सासूबाई नोटा मोजायला लागल्या. कॅशच्या खिडकीतली सवय, अंगठा ओला करून सपासप. पण त्या नोटा प्लॅस्टिकच्या, ओल्या अंगठ्यावरून सटकायच्या. गठ्ठा दोनदा जमिनीवर पसरला. तिसऱ्यांदा त्यांनी आईला समोर बसवलं. एकीने मोजायचं, दुसरीने धरायचं. सगळे बरोबर निघाले.

बाहेर पडल्यावर पहिल्याच कोपऱ्यावर आईने तिघींना शहाळी घेतली आणि लगेच माझ्या मोबाइलवरून, समोरच्या कॉफीच्या दुकानाच्या वायफायवर, भावाला फोन लावला. "अरे ऐक, पन्नास हजाराचं शहाळं प्यायलंय. एकेक! तिघींनी!" पलीकडे भाऊ काय ओरडला ते मला ऐकू आलं नाही. आईने स्पष्टीकरण न देता फोन ठेवला. "जळू दे थोडो," ती म्हणाली.

उरलेले दिवस मजेत गेले. सासूबाईंना हवी ती सगळी शाकाहारी दुकानं सापडली. माझं रोमिंग शेवटून दुसऱ्या दिवशी सुरू झालं, क्रेडिट कार्डही मग चालू झालं, पण ते वापरायची दोघींनी मला परवानगी दिली नाही. "रोकड आहे ना," सासूबाई म्हणाल्या. हे त्याच म्हणाल्या. त्यांचं बंद पडलेलं कार्ड आम्ही मुलुंडला पोचल्यावर चार दिवसांनी सुरू झालं.

त्यानंतर महिन्याभराने, मी पवईला ऑफिसात मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. सासूबाई. त्या मुलुंडहून एकट्या घाटकोपरला गेल्या होत्या, मला न सांगता. आईने बँकेत एटीएम कार्डासाठी अर्ज केला होता, ते घरी आलं होतं, आणि पहिल्यांदा वापरताना सोबत कोणी जाणतं माणूस हवं म्हणून तिने विहीणबाईंना बोलावलं होतं.

"निघाले का पैसे?" मी मीटिंगमधून बाहेर येऊन विचारलं.

"निघाले ना. पाचशे. पिन मी बघितला नाही, तोंड फिरवून उभी होते. पण विहीणबाई विचारताहेत, पावतीवर जे शिल्लक लिहिलंय ते आत त्या मशीनमध्येच आहे का?"

"अहो आई, तसं नसतं. ते बँकेत असतं, खात्यात. तुम्ही सांगा ना तिला, तुम्हाला माहितेय."

"सांगितलं. पण त्या म्हणतात, तरीपण दारावरच्या वॉचमनला एकदा सांगून ठेवलेलं बरं." फोनवर थोडा वेळ गडबड ऐकू आली. आईचा आवाज, सासूबाईंचा आवाज, रिक्षाचा हॉर्न. मग सासूबाई परत आल्या. "मला वाटतं, सांगू या. त्याला तसंही काही काम नाहीये."

आणि फोन चालूच होता म्हणून पुढचंही मला ऐकू आलं. त्या दोघी एटीएमच्या वॉचमनला, एकीने हिंदीत आणि एकीने मालवणीत, आत नीट लक्ष ठेवायला सांगत होत्या, आणि तो प्रत्येक वाक्याला "जी माताजी" म्हणत होता.